विश्लेषण : वडखळ नाक्यावर नेट का रेंगाळते? गर्दीचे गणित मांडणारे एरलांग

गणपतीत वडखळ नाक्यावर अलिबाग आणि गोव्याच्या गाड्या अडकल्या, की फोनमधले नेटही रेंगाळते. वाट तेवढीच, गर्दी एकदम. मग वाट किती मोठी ठेवायची? हे गणित डेन्मार्कच्या आग्नर एरलांग यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवले.

जन्म १ जानेवारी १८७८ चा, वडील शाळामास्तर. काही वर्षे शिक्षकी करून १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आले. नुसते कागदावरचे गणिती नव्हेत; शिडीवाल्या कामगाराला घेऊन मॅनहोलमध्ये उतरत आणि केबलची मोजमापे स्वतः घेत.

एखादा कॉल कधी येईल ते सांगता येत नाही, पण कॉलच्या गर्दीला नियम असतो, हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवले. १९१७ मध्ये सूत्रे दिली : किती कॉलना लाइन मिळणार नाही, रांगेत किती थांबावे लागेल. समजा, सरासरी १० लाइन व्यापतील एवढे कॉल आहेत. शंभरात फार तर एक कॉल परत जावा असे वाटत असेल, तर १८ लाइन हव्यात. कॉल दुप्पट झाले तर? ३६ नव्हे, ३० पुरतात! अनेकांनी मिळून वापरलेली मोठी वाट स्वस्त पडते ती अशी. मोबाइल टॉवरची कॉल पेलण्याची क्षमता आखतानाही हाच हिशेब कामी आला. डेटाचे गणित पुढे अधिक गुंतागुंतीचे झाले, पण सुरुवात इथलीच.

एरलांग अविवाहित राहिले. १९२९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला त्यांचे नाव मिळाले : तासभर सतत व्यापलेली एक लाइन म्हणजे १ एरलांग. एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या संगणकभाषेचे नावही ‘एरलांग’. व्हॉट्सॲपचे सर्व्हर तिच्यातच लिहिले गेले.