कमावत्या स्त्रीची परवशता

मालाडच्या बाँबे टॉकीजचा 'नवजीवन' हा बोलपट १९३९ साली प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या नायिका हंसा वाडकर अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. मूळच्या या रतन साळगावकर. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'पासून, ज्या वयात मुलीने शाळेत जावे त्या वयात, त्या घर चालवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

पुढे यश आले. 'संत सखू'मधील (१९४१) सोशिक सासुरवाशीण आणि 'लोकशाहीर रामजोशी'मधील (१९४७) तमासगीर स्त्री ही परस्परविरोधी रूपे त्यांनी सारख्याच समर्थपणे साकारली. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. परंतु लाखोंचे मन जिंकणाऱ्या या अभिनेत्रीला स्वतःच्या मिळकतीवर आणि आयुष्यावर मात्र हक्क गाजवता आला नाही. संसारातील ताण, मद्याचे व्यसन, फसलेले आसरे यांत त्यांची उमेद खर्ची पडली.

१९७० मध्ये त्याच चित्रपटाचे नाव धारण करून त्यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने आले. त्यात त्यांनी स्वतःचे दोषही झाकले नाहीत. पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. त्या कथनावर आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'ने (१९७७) ही कहाणी देशभर नेली.

आज त्याच मालाडच्या फलाटावरून असंख्य स्त्रिया रोज नोकरीला जातात. त्यांच्या पगारावर त्यांचाच अधिकार आहे काय, हा हंसाबाईंच्या आयुष्याने विचारलेला प्रश्न अजून निकालात निघालेला नाही.