प्राणवायूच ज्यांचा प्राण घेतो…

थेंबाच्या कडेला असलेले जिवाणू निपचित आणि मधले मात्र जोरात वळवळणारे! १८६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून हे दृश्य पाहून लुई पाश्चर चक्रावले. काचपट्टीवरच्या थेंबाला हवा लागते ती कडेने. श्वास घेणारे सूक्ष्मजीव म्हणूनच कडेशी गर्दी करतात. इथे सारेच उलटे होते.

फ्रान्समधील दोल येथे १८२२ मध्ये कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्मलेले पाश्चर मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्या काळी ते पॅरिसच्या इकोल नॉर्मालमध्ये किण्वनाचा, म्हणजे आंबण्याच्या क्रियेचा अभ्यास करत होते. खवट लोण्याला वास येतो तो ब्युटिरिक आम्लाचा. हे आम्ल तयार करणारे जिवाणू त्या थेंबात होते. पाश्चर यांनी आंबणाऱ्या द्रवातून हवा सोडली, तेव्हा जिवाणू मेले आणि आंबणे थांबले. कार्बन डायऑक्साइड सोडला, तर त्यांना काहीच झाले नाही. प्राणवायूशिवाय जीवन नाही, हा समज त्या थेंबाने मोडला. अशा जीवांना आज आपण विनॉक्सी जिवाणू म्हणतो.

दोनच वर्षांपूर्वी, १८५९ मध्ये, त्यांची थोरली मुलगी जान विषमज्वराने दगावली होती. पुढे आणखी दोन मुली गेल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली, तरी काम थांबले नाही.

१८७७ च्या सुमारास ज्यूल जूबेर यांच्यासह त्यांनी रक्तात विषबाधा करणारा असाच एक जिवाणू शोधला. तो हवेत मरतो, मग पसरतो कसा? उत्तर त्याच्या बीजाणूंमध्ये होते. कठीण कवचाचे हे बीजाणू हवेतही टिकतात आणि खोल, बंद जखमेत पुन्हा जागे होतात. म्हणूनच १८७८ मध्ये पाश्चर यांनी शल्यचिकित्सकांना स्वच्छ उपकरणे आणि तापवून निर्जंतुक केलेल्या पट्ट्या वापरण्याचा आग्रह धरला. ते स्वतः डॉक्टर नव्हते, त्यामुळे अनेकांना हे रुचले नाही.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. धनुर्वाताचा जिवाणूही याच विनॉक्सी कुळातला. गंजका खिळा पायात खोल रुतला, तर जखम वरून लहान दिसते. आत मात्र हवा पोहोचत नाही. अशी जखम नीट धुऊन डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. त्यामागचे विज्ञान त्या एका थेंबापासून सुरू झाले.