किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं का लागली?

नव्या इंजिनाची मोटारसायकल बाजारात आली की जालन्याची टेंभुर्णी असो नाहीतर सोलापूरची, शोरूमवाल्याच्या शब्दावर कोणी लगेच पैसे काढत नाही. आधी चौकशी होते. गावात कोणी घेतली का, अ‍ॅव्हरेज किती देते, पार्ट कुठं मिळतात, दोन वर्षांनी इंजिन आवाज करतं का? गाडी आधीच घेतलेला माणूस बरं बोलला, तरच पुढची गाडी खपते.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी कारखानदाराला हाच अनुभव आला होता. त्यांचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, चित्रकला आवडायची, म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथं कळलं की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. पण यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. ते तिकडं वळले आणि आज ज्याला व्हीजेटीआय म्हणतात, त्या संस्थेत यांत्रिक चित्रकलेचे मास्तर झाले.

त्याच काळात, १८८८ मध्ये, भाऊ रामूअण्णांच्या साथीनं बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. सायकल तेव्हा इतकी नवी होती की नुसती विकून भागत नव्हतं. गिऱ्हाईक पडलं, तर नाव सायकलचंच खराब होणार!

पुढं नोकरीत बढती डावलली गेली. लक्ष्मणरावांनी मास्तरकी सोडून बेळगाव गाठलं. आधी कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर हाती घेतला.

आणि इथंच गाडी अडली.

लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. आज हे ऐकून हसू येतं, पण शेतकऱ्याच्या बाजूनंही बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा. मोडला तर तोच दुरुस्त करायचा आणि मोबदला बलुत्यात जायचा. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजायचे. पेरणीच्या तोंडावर तो मोडला, तर सुतार काय करणार? वाफसा काही थांबत नाही. एक हंगाम हुकला, तर वर्षभराचं पोट हुकलं.

म्हणजे खरी अडचण भरवशाची होती.

त्यात नांगराचा फाळ म्हणजे इंजिनातल्या पिस्टनसारखा. सगळी झीज तिथंच. ओतीव लोखंड कडक असतं, पण ठिसूळही असतं. दगडाला लागलं तर तुटतं, आणि मऊ ठेवलं तर लवकर बोथट होतं. या दोन्हींचा मेळ घालणं हे ओतकामाचं खरं कसब. साच्यातून काढलेल्या मालाचा एक फायदा मात्र मोठा होता. एका नांगराचा फाळ दुसऱ्यालाही बसायचा. झिजला की फक्त फाळ बदला, नांगर पुन्हा तयार.

ज्यांनी नांगर घेतला, त्यांच्या रानात तो खोल चालताना शेजाऱ्यांनी पाहिला. हळूहळू मागणी वाढू लागली.

एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. मदतीला आले औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि नाग यांचं ते राज्य. १९१० मध्ये तिथं कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं सांगतात. तोफांचे नांगर झाले!

१९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारं हे पत्र पुढं 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घराघरांत गेलं. दरम्यान लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकायला गेला. १९२६ मध्ये इंजिनिअर होऊन ते परतले आणि कारखान्यात उतरले.

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. लक्ष्मणराव तेव्हा सत्त्याहत्तरीत होते. शेतकऱ्यापुढं पुन्हा एक नवं मशीन आलं, आणि यावेळी जोखीम जास्त होती. नांगर मोडला तर निदान बैल आणि लाकडी नांगर होताच. विहिरीवरचं डिझेल इंजिन ऐन उन्हात बंद पडलं, तर उभं पीक वाळणार. पण त्यावर कोरलेलं नाव शेतकऱ्याच्या ओळखीचं होतं. त्या नावाचा नांगर घरात आधीच झिजून झिजून खरा ठरला होता. पुढं विहिरी-विहिरींवरची मोट सुटली आणि इंजिनांची धडधड सुरू झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

लक्ष्मणरावांनी मोटारसायकल काही बनवली नाही. पण नवं इंजिन घेताना टेंभुर्णीचा माणूस आज जे प्रश्न विचारतो, तेच त्यांच्या गिऱ्हाइकानं नांगराबद्दल विचारले होते. ती शंका त्यांनी अडाणीपणा म्हणून झटकली नाही. माल सुधारला आणि निकाल शेतावर सोडला. नव्या मशीनची खरी परीक्षा तिथंच होते. पहिला हंगाम गिऱ्हाईक तुमचं ऐकून काढतं, दुसऱ्या हंगामात ते स्वतः बोलायला लागतं.