एकाच गावचे दोन गवई

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रागदारीतले मला फारसे कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण गेल्या मे महिन्यातला प्रवास.

सुटीत धारला मामांकडे गेलो होतो. गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा घडविणारे शिल्पकार रघुनाथराव फडके याच गावी स्थायिक झाले होते, हे मला मामांनीच सांगितले. तेथून इंदूरमार्गे आम्ही देवासला गेलो. देवास हे गाव मोठे गमतीचे. १९४८ पर्यंत या एकाच गावात पवारांची दोन राज्ये नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. मला मात्र तेथे दोन राजांपेक्षा दोन गवयांचीच ओढ लागली.

पहिले उस्ताद रजब अली खाँ. जन्म १८७४ चा, नरसिंहगडचा. वडिलांकडून त्यांनी ख्याल घेतला आणि बंदे अली खाँ यांच्याकडून बीन. काही काळ कोल्हापूर दरबारी काढून ते अखेर देवासचे झाले. त्यांची तान विजेसारखी, आणि स्वभावही तसाच! राग नाकाच्या शेंड्यावर, बोलणे परखड. १९५४ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये ते वारले.

दुसरे कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, जन्म १९२४. घरची भाषा कानडी. विद्या मुंबईत देवधर मास्तरांकडे. क्षयाने गाठले आणि हवापालटासाठी १९४८ च्या जानेवारीत ते देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. सुमारे पाच वर्षे हा गळा मुका राहिला. भानुमतीबाई शाळेत शिकवीत आणि त्यांची शुश्रूषा करीत. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. पुढे त्याच धुनांतून त्यांनी नवे राग बांधले, कबीर गायिला. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९९२ मध्ये देवासलाच देह ठेवला.

दोघेही बाहेरून आलेले, दोघेही एका घराण्याच्या कुंपणात न मावणारे. लोकांनी दोघांनाही विक्षिप्त ठरविले. एक चिडे म्हणून, तर दुसरा परंपरा मोडतो म्हणून. मग कीर्ती इतकी वेगळी का? कुमारजींच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचल्या, त्यांच्यावर पुस्तके निघाली. खाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण फार थोडे उरले. त्यांचे गाणे उरले ते दुसऱ्यांच्या गळ्यात. अमीर खाँसाहेबांच्या तानेत जाणकारांना त्याच्या खुणा सापडतात.

आमच्या हिशेबशास्त्रात एक नियम आहे. दुसऱ्याकडून विकत घेतलेले गुडविल वहीत दाखविता येते, स्वतः कमावलेले दाखविता येत नाही. म्हणून ते नसते असे थोडेच आहे? खाँसाहेबांची कीर्ती मला अशीच, वहीत न चढलेली वाटली.

आणखी एक गोष्ट. माझ्या वडिलांची भाषा कानडी, आईची मराठी, शाळा मराठी. कानडी मित्र मला मराठी म्हणतात आणि मराठी मित्र कानडी. याच अंकासाठी लिहिताना कोणत्या विभागात लिहावे, हे मला आठ दिवस ठरविता येईना. परंतु देवासची टेकडी उतरताना मनात आले, की सुळेभावीचा एक मुलगा मुंबईत मराठी गुरूकडे शिकला आणि माळवी धुनांतून स्वतःचे गाणे घेऊन उठला. त्याला कोणी परका म्हटले असेलही. पण त्याच्या गाण्याला ते कधी आड आले नाही.

हा लेख मी मराठी विभागाला दिला आहे. पुढच्या वर्षी याच दोघांवर कानडी विभागात लिहावे, असा विचार आहे. तोवर थोडे गाणे कळू लागले तर बरेच!