समुद्राचा तागा गुंडाळणारा माणूस

अंटार्क्टिकाजवळच्या गोठवणाऱ्या पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव मोजायचे कसे? सर ॲलिस्टर हार्डी यांनी उत्तर शोधलं ते रेशमी कापडात!

भिवंडीत राहता? मग कापडाचा तागा म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मागावर कापड विणत जातं, इंच इंच पुढे सरकतं आणि रुळावर गुंडाळलं जातं. मध्येच कुठे धागा तुटला तर तो दोष त्या जागी तसाच राहतो. नंतर तागा उलगडणारा माणूस बरोबर तिथे बोट ठेवतो. म्हणजे तागा ही मागाची डायरीच म्हणा ना!

अशीच एक डायरी समुद्राचीही आहे. ती सुरू करणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

ॲलिस्टर हार्डी यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९६ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. गंमत बघा, हे गावही यंत्रांवर विणलेल्या लेससाठी प्रसिद्ध. १९१४ मध्ये हा मुलगा ऑक्सफर्डला शिकायला गेला आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. कॉलेज राहिलं बाजूला. हार्डी सायकलस्वार सैनिकांच्या तुकडीत दाखल झाले. पुढे त्यांच्या हातातली चित्रकला बघून त्यांना शत्रूच्या नजरेपासून लपण्यासाठी रंगरंगोटी करण्याचं, म्हणजे कॅमुफ्लाजचं काम मिळालं. युद्ध संपल्यावर प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि १९२१ मध्ये लोस्टॉफ्ट बंदरातल्या मत्स्य प्रयोगशाळेत नोकरी धरली.

तिथे प्रश्न होता हेरिंगचा. हा आपल्या तारलीच्या कुळातला, थव्याने फिरणारा मासा. तो खातो काय? हार्डींनी माशांची पोटं तपासली. आत सापडले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे चिमुकले प्राणी. बाजारात जवळा बघता ना, तोही याच जगातला. त्याहून कितीतरी बारीक जीव समुद्रात अफाट संख्येने असतात. वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशावर वाढतात, प्राणिप्लवक त्यांना खातात आणि मासे प्राणिप्लवकांना. समुद्राची सगळी खानावळ यांच्यावर चालते.

मग आली ती मोठी संधी. १९२५ मध्ये ‘डिस्कव्हरी’ जहाज दक्षिणेकडे निघालं. कॅप्टन स्कॉट पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेला ज्यातून गेले, तेच हे जहाज. हार्डी त्यावरचे मुख्य प्राणिशास्त्रज्ञ होते. वय अजून तिशीच्या आत. मुक्काम होता साउथ जॉर्जिया बेटाच्या आसपास. तिथे देवमासे मारून त्यांचं तेल काढण्याचे कारखाने धडाक्यात चालू होते. या मोहिमेचा खर्चसुद्धा त्या तेलावरच्या करातून निघत होता. काम असं, की देवमासे किती आहेत, काय खातात, कुठे फिरतात हे शोधायचं, म्हणजे शिकारीला काही मर्यादा घालता येईल.

तिथला अवाढव्य निळा देवमासा जगतो कशावर? क्रिलवर. म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटरच्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या जिवावर. त्यामुळे देवमासा समजून घ्यायचा तर आधी क्रिल आणि बाकीचे प्लवक मोजायला हवेत.

आणि इथेच घोडं अडलं. जहाज थांबवायचं, जाळी सोडायची, वर काढायची, बरणीत काय आलं ते मोजायचं, ही तेव्हाची रीत. एका जागी जाळी क्रिलने भरून यायची, तर थोड्या अंतरावर जवळपास रिकामी! आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. पण प्लवक भातासारखे सारखे पसरलेले नसतात, ते ढगांसारखे पुंजक्यांनी असतात. एका बरणीवरून समुद्राचा अंदाज बांधला की फसलोच.

हार्डींनी विचार केला, जहाज थांबवायचंच कशाला? त्यांनी एक यंत्र बनवलं. जहाजामागे दोरीने ओढत न्यायची एक पेटी. तिच्या तोंडाला छोटं भोक, त्यातून पाणी आत शिरतं. आत रेशमी जाळीची पट्टी हळूहळू सरकत असते. पाणी गाळून निघून जातं, प्लवक रेशमावर अडकतात. लगेच वरून दुसरी रेशमी पट्टी येऊन त्यांना झाकते आणि दोन्ही मिळून फॉर्मालिनच्या टाकीत गुंडाळल्या जातात. मोटर नाही, बॅटरी नाही. ओढलं जाताना मागचा पंखा पाण्याने फिरतो आणि त्यावर रूळ चालतात. त्यामुळे जहाज जितकं पुढे, तितकंच रेशीम पुढे. नंतर तागा उलगडला की कुठला तुकडा कुठल्या पाण्यातला, ते कळतं. आजच्या यंत्रात साधारण दहा सेंटिमीटर रेशीम म्हणजे दहा सागरी मैल!

मोहीम १९२७ मध्ये संपली. हार्डी पुढच्याच वर्षी हल इथल्या कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी यंत्राची सुटसुटीत आवृत्ती केली आणि १९३१ पासून ती उत्तर समुद्रातल्या नेहमीच्या मालवाहू जहाजांना बांधायला सुरुवात केली. शास्त्रज्ञ सोबत हवाच असं नाही. खलाशी पेटी पाण्यात सोडणार, वर काढणार, बस्स! दुसऱ्या महायुद्धात काम थांबलं, पण पुन्हा सुरू झालं आणि आजही चालू आहे. १९९१ पासून अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातही ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने अशीच नोंद होते.

आता यातली बोचणारी गोष्ट. साउथ जॉर्जियाच्या प्लवकांवरचा हार्डी आणि गुंथर यांचा जाडजूड अहवाल १९३५ मध्ये आला. पण कत्तल काही वेळेवर थांबली नाही. १९६० च्या दशकात देवमासे इतके घटले, की बेटावरचे कारखाने बंद पडले. ज्ञान हाताशी होतं, ऐकणारे कमी पडले.

हार्डींचं सगळंच बरोबर ठरलं, असंही नाही. माणसाचे पूर्वज कधीकाळी पाण्याकाठी पोहत जगले असावेत, ही त्यांची १९६० मधली कल्पना शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही. निवृत्तीनंतर तर ते माणसांच्या आध्यात्मिक अनुभवांचा अभ्यास करू लागले. २२ मे १९८५ रोजी ते गेले.

तागा मात्र गुंडाळला जातोच आहे. उत्तर अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातले प्राणिप्लवक काही दशकांत सुमारे हजार किलोमीटर उत्तरेकडे सरकले, हे या रेशमानेच दाखवलं. १९५७ मध्ये या यंत्रात प्लास्टिकची दोरी अडकली होती, तीही नोंद जपलेली आहे. समुद्रातल्या प्लास्टिकच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ती एक! तेव्हा ती लिहून ठेवणाऱ्याला तिचं मोल कुठे माहीत होतं?

पुढच्या वेळी कशेळीच्या पुलावरून जाताना खाडीकडे एकदा बघा. वरून ते नुसतं गढूळ पाणी दिसेल. पण त्यातही असेच असंख्य जीव वाहत असतात आणि एका बरणीत तेही मावणार नाहीत.