कै. रे. नारायण वामन टिळक

खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांत रात्रीं भजनास माणसें जमलीं म्हणजे टिळकांचें एखादें पद झाल्याशिवाय भजन सहसा संपत नाहीं. परंतु तीं पदें रचणाऱ्या या पुरुषास प्रभूसाठीं स्वतःचें घर चार-पांच वर्षें अंतरलें होतें, आणि दुसऱ्याच्या विश्वासाची वाट कशी पाहावी हें ते प्रथम त्या घरींच शिकले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं, चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. आई बाळपणींच वारली. नाशिकास त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें आणि १८८० सालीं लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. स्वभाव उतावळा, राग लवकर येई, हातीं पैसा टिकत नसे. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन धरून ठेविलें, आणि ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ती बातमी लक्ष्मीबाईंस कळली तेव्हां त्यांची स्थिति वेड्यासारखी झाली. त्या आपल्या आप्तांकडे राहिल्या. पुढें मुलास घेऊन त्या नगरास पतीकडे आल्या खऱ्या, पण ख्रिस्ती होण्यास नव्हे. त्यांचें सोंवळें, त्यांची चूल, त्यांचें पाणी, सर्व निराळें. आपल्या हातचें पाणी कोणीं नाकारिलें म्हणजे जिवास काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. ज्या बंधूंबरोबर टिळक प्रभूच्या मेजास बसत, त्यांच्या हातचें पाणी टिळकांच्याच घरांत चालत नव्हतें! हें त्यांस फार लागत असलें पाहिजे. आपल्यांतील एखादा उपदेशक असता तर त्यानें आठ दिवसांत चूल मोडविली असती. टिळक मुळांत तापट, तरी येथें त्यांनीं जबरदस्ती केली नाहीं. बाईंचें सोंवळें त्यांनीं चालूं दिलें. पुढें राहुरीस असतां, जातिभेद देवानें केला नसून माणसांनीं केला, असें बाईंच्या मनानें आपण होऊन घेतलें आणि त्यांनीं सोंवळें टाकिलें. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. हें सर्व त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आपल्या पुस्तकांत मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. ज्यास वाचतां येतें त्यानें मंडळींतील बायकांस तें अवश्य वाचून दाखवावें.

१९०४ सालीं टिळकांस पाळकाची दीक्षा मिळाली. नगरास ते उपदेशकांच्या वर्गांत शिकवीत. आपल्या उपासनेंत त्या काळीं इंग्रजी चालींचीं गीतें फार. शेतकऱ्याच्या जिभेस तीं बसत नसत. टिळकांनीं ओंवी, अभंग व भजन यांचा आश्रय केला. नगरकडे ख्रिस्ती कीर्तन त्यांच्यापूर्वींच सुरू झालें होतें, त्यासही त्यांनीं नवा जोर आणिला. तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलों असें ते मानीत, आणि ज्या वाटेनें आपण आलों ती दुसऱ्यांस बंद करावी असें त्यांस कधीं वाटलें नाहीं.

त्यांच्या घरीं तरुण मंडळी नेहमीं असे. बालकवि ठोंबरे हे त्यांतले एक. ते ख्रिस्ती झाले नाहींत. म्हणून त्या घरांतील त्यांच्यावरील माया कमी झाली नाहीं. माणूस गळास लागेल तेवढ्यापुरतें त्याच्यावर प्रेम करणें टिळकांस जमत नव्हतें. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू त्यांच्याकडे होती, तिच्याद्वारें हाच त्यांचा स्नेह दूरच्या वाचकांपर्यंत पोहोंचे.

१९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडिला, संन्यासवृत्ति पतकरिली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही जागा होती. कित्येकांस हें रुचलें नाहीं. बाप्तिस्म्यावांचून मंडळी कसली, असा त्यांचा प्रश्न, आणि तो अगदींच गैर होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु जे दाराशीं येऊन वर्षानुवर्षें उभे राहतात त्यांस बसावयास कोणती जागा, हा टिळकांचा प्रश्नही खराच होता. ज्यानें हीच अडचण आपल्या माजघरांत सोसली होती, त्याला तो सुचावा यांत नवल नाहीं. दोन वर्षांतच, ता. ९ मे १९१९ रोजीं, ते मुंबईस प्रभूकडे गेले.

प्रभूचें चरित्र ओंवीबद्ध करावें म्हणून त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें होतें. त्याचे दहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचिले.