प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारे जेआरडी

भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना १९२९ मध्ये जेआरडी टाटा यांना मिळाला. इंग्लंड-भारत अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक ठेवले. जेआरडी कराचीहून निघाले. उलट दिशेने येणारे अस्पी इंजिनियर इजिप्तमधील अबुकीर येथे स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना दिला. इंजिनियर जिंकले (पुढे ते हवाई दलप्रमुखही झाले), जेआरडी थोडक्यात हरले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते टपाल घेऊन कराचीहून जुहूला उतरले. महायुद्धानंतर लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि विमान कंपन्यांचे परवाने खिरापतीसारखे वाटले गेले. इतक्या कंपन्या तगणार नाहीत, हा जेआरडींचा इशारा सरकारने मानला नाही. तो खरा ठरला. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, तरी एअर इंडियाचे अध्यक्षपद जेआरडींकडेच राहिले, तेही विनावेतन. प्रवासात दिसलेली प्रत्येक उणीव ते अधिकाऱ्यांना लिहून कळवत.

१ जानेवारी १९७८ रोजी 'सम्राट अशोक' हे जंबो विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ जण दगावले. फेब्रुवारीत मोरारजी सरकारने जेआरडींना पदावरून दूर केले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-जुहू उड्डाण पुन्हा एकट्याने केले.